जर्मन भाषेचे पहिले वर्ष : कोणी शिकावे, कशासाठी शिकावे?

ऑफसेट छापखान्यात पाऊल ठेवले की पुष्कळ ठिकाणी मशीनच्या अंगावर 'हायडेलबर्ग' हे नाव दिसते. आपल्या छापखानेवाल्या बांधवांना ते इतके सवयीचे झाले आहे की ते जर्मनीतील एका जुन्या विद्यापीठाच्या शहराचे नाव आहे, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. याच शहरात १९०७ सालच्या उन्हाळ्यात इक़बाल जर्मन भाषेचे धडे गिरवीत होते. वयाची तिशी जवळ आली होती, अरबी, फारसी व इंग्रजी येत होतीच. तरी म्युनिक विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांना नव्या भाषेचा ओनामा करावा लागला. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. तिथल्या मुक्कामात त्यांनी काव्यानी प्रेसमध्ये स्वतः टाइप जुळवून 'दीवान-ए-ग़ालिब' छापून घेतला. पुढे राष्ट्रपती झालेल्या माणसाच्या हाताला कधीकाळी छापखान्याची शाई लागली होती, हे आपल्या कारागिरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण ही विद्वान मंडळी झाली. प्रश्न आपला आहे. दुकान किंवा कारखाना सांभाळून विद्यापीठाच्या अर्धवेळ वर्गात वर्षभर जर्मन शिकण्यात आपल्याला काय लाभ? आयटीआय झालेल्या मुलाला त्या वर्गात घालावे काय? फी भरण्यापूर्वी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नीट समजून घ्यावीत, कारण ती एकसारखी नाहीत.

प्रथम मनातली भीती काढून टाकू. जर्मन फार अवघड आहे असे जे म्हटले जाते, ते बहुतेक इंग्रजीच्या वाटेने तिच्याकडे गेलेल्यांचे म्हणणे आहे. मराठीत वाढलेला आणि घरात उर्दू किंवा दखनी ऐकलेला माणूस या वर्गात बसतो तेव्हा तो चार पावले पुढेच असतो.

आकडेच घ्या. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह', म्हणजे आधी वीस, मग पाच. जर्मनीत 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिख', म्हणजे पाच आणि वीस. आपले पंचवीस दुसरे काय आहे? बावन्न म्हणजे दोन आणि पन्नास, तसेच जर्मनीत 'त्स्वाय-उंट-फ्युन्फ्त्सिख'. इंग्रजी माध्यमातली मुले इथे महिनाभर अडखळतात, आपला गल्ल्यावर बसलेला माणूस अडखळत नाही. एक मात्र लक्षात ठेवावे. आपले 'एकोण' त्यांच्याकडे नाही. एकोणतीसला ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात.

दुसरी गोष्ट लिंगाची. जर्मनीत नामाआधी 'देअर', 'दी', 'दास' यांपैकी एक लावावे लागते. म्हणजे आपले तो, ती, ते. हिंदी-उर्दूत दोनच लिंगे, इंग्रजीत तर निर्जीव वस्तूंना काहीच नाही. तीन लिंगांची सवय असलेला मराठी माणूस इथे घरच्यासारखा वावरतो. 'दास हाउस' म्हणजे ते घर, 'दास किंट' म्हणजे ते मूल, 'दास वासर' म्हणजे ते पाणी. कारागिरांना आवडेल अशी एक गंमतही आहे. ज्या मालावर आपले हात चालतात, त्यातला बराचसा दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहे : 'दास आयज़न' ते लोखंड, 'दास कुप्फर' ते तांबे, 'दास मेस्सिंग' ते पितळ, 'दास गोल्ट' ते सोने, 'दास होल्त्स' ते लाकूड आणि 'दास लेडर' ते चामडे. अर्थात हे सगळीकडे जुळत नाही. चांदी आपल्याकडे ती, त्यांच्याकडे 'दास ज़िल्बर'. सूर्य आपल्याकडे तो आणि त्यांच्याकडे चक्क ती, 'दी ज़ोन्ने'. कापूस आपला तो, त्यांचा ती. म्हणून शब्द पाठ करताना नुसता 'लेडर' पाठ करू नये, 'दास लेडर' असा जोडीनेच करावा. पहिल्या महिन्यात ज्याने हा कंटाळा केला, त्याची पुढे वर्षभर फरफट होते.

तिसरी गोष्ट वाक्याच्या रचनेची. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी येते, पण 'कारण', 'जर', 'की' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात ते शेवटी जाऊन बसते. 'वाइल एअ क्रांक इस्ट' याचे शब्दशः मराठी करा : कारण तो आजारी आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला नेमका हाच नियम डोंगराएवढा वाटतो. विभक्तीचेही तेच. आपण 'घोडा' आणि 'घोड्याला' म्हणतो, म्हणजे नामाचे रूप बदलतो. ते बहुधा नामाऐवजी पुढचा 'देअर' बदलून 'देन' किंवा 'देम' करतात.

उच्चारांत उर्दू कामाला येते. 'आख्ट' म्हणजे आठ, आणि त्यातला आवाज आपल्या 'ख़बर'मधला आहे. शब्दाच्या सुरुवातीला स्वरापूर्वी येणाऱ्या 'एस'चा उच्चार 'ज़मीन'मधल्या ज़सारखा. 'झेड' वाचायचे ते मात्र मराठी 'चांगला' मधल्या चसारखे. म्हणजे एक आवाज उर्दूने दिला, दुसरा मराठीने. डोक्यावर दोन टिंबे असलेला 'यू' तेवढा नवा आहे. ओठ 'ऊ' म्हणण्यासारखे गोल करावेत आणि तोंडाने 'ई' म्हणावे. आरशासमोर चार दिवस हसू येते, पाचव्या दिवशी जमते.

शब्दांतही जुनी ओळख निघते. 'त्सुकर' म्हणजे साखर, मूळ अरबी सुक्कर. 'त्सिफर' म्हणजे अंक, मूळ सिफ़्र. 'टारीफ' म्हणजे दरपत्रक, मूळ तारीफ़. सोनाराचा 'कारात' म्हणजे क़ीरात. 'मागात्सीन' हा गोदामासाठीचा शब्द मख़ाज़िनवरून आला आहे. व्यापारी मालाबरोबर शब्दही घेऊन जातो, याचा हा पुरावा.

आता धंद्याच्या कागदाकडे वळू, कारण खरा नफा-तोटा तिथेच आहे. आज जर्मन व्यापारी इंग्रजीत पत्र लिहितो, मग जर्मन कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्या कंपन्यांचे हे खरे आहे. पण वापरलेली यंत्रे विकणारा लहान गावातला दलाल, सुटे भाग देणारे दुकान, जुन्या मशीनचे माहितीपुस्तक, बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटी, हे सारे बहुधा जर्मनमध्येच असते.

समजा, एखाद्या प्रेसवाल्याने जुन्या मशीनची किंमत मागवली आणि कोटेशन आले. त्याला 'आनगेबोट' म्हणतात. त्यात 'बाउयार' म्हणजे मशीन तयार झाल्याचे साल. 'गेब्राउख़्ट' म्हणजे नुसते वापरलेले, 'गेनेराल-यूबरहोल्ट' म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केलेले. या दोहोंच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि दलाल तोंडी दुसरा शब्द सांगून कागदावर पहिला लिहू शकतो. 'ओने गेव्हेअरलाइस्टुंग' असे दिसले तर थांबावे. दोष निघाल्यास विक्रेता जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ आहे. 'अप व्हेर्क' म्हणजे भाव कारखान्याच्या दारातला. क्रेन, कंटेनर, जहाजाचे भाडे व विमा सारा आपल्या माथी. याउलट 'फ्राय हाउस' म्हणजे दारापर्यंत पोचवण्याचा खर्च धरून. यातला 'फ्राय' पाहून कोणी काही फुकट मिळते असे समजू नये. 'त्सोल' म्हणजे सीमाशुल्क. किमतीपुढे 'मेअरव्हेअर्टश्टॉयर' वेगळा, असे लिहिले असेल तर तो मूल्यवर्धित कर आहे. सर्वसाधारण दर १९ टक्के, काही वस्तूंवर ७ टक्के. युरोपीय संघाबाहेर खरोखर गेलेल्या मालावर तो सामान्यतः लागत नाही, त्यासाठी निर्यातीची कागदपत्रे लागतात. म्हणून भाव ठरवतानाच हा प्रश्न विचारून घ्यावा.

हा लांबलचक शब्द पाहून घाबरू नये. जर्मन माणूस शब्दांना शब्द जोडत जातो. 'मेअर' म्हणजे अधिक, 'व्हेअर्ट' म्हणजे मूल्य, 'श्टॉयर' म्हणजे कर. जोडशब्द शेवटाकडून सोडवावा, मूळ वस्तू शेवटी असते. 'हांटशू' म्हणजे हाताचा बूट; आपण हातमोजा म्हणतो, तेही हसावे की आदर करावा कळत नाही. आणखी एक सोय म्हणजे जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत असते. पत्र पूर्ण कळले नाही तरी मोठ्या अक्षरांचे शब्द वेचून शब्दकोशात पाहिले, की मालाची यादी हाती येते.

सर्वांत महाग चूक आकड्यांच्या खुणांत होते. आपण हजारानंतर स्वल्पविराम देतो आणि अपूर्णांकाआधी टिंब. ते नेमके उलट करतात. त्यांच्या कागदावर '१.२५०' म्हणजे बाराशे पन्नास, आणि '१,२५० किलो' म्हणजे सव्वा किलो. मसाला किंवा अत्तर विकणाऱ्याने हे दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावे. हस्तलिखित बिलात त्यांचा एक हा आपल्याला सातासारखा दिसतो, कारण त्याला डावीकडे लांब शेपूट असते; साताच्या पोटात ते आडवी रेघ मारतात. शंभर कोटींना ते 'मिलिआर्डे' म्हणतात. त्यांचे 'बिलिओन' म्हणजे एक लाख कोटी, इंग्रजी बिलियनच्या हजारपट.

तारीख आपल्यासारखीच, आधी दिवस, मग महिना. पण माल केव्हा निघणार याचे उत्तर अनेकदा तारखेत येतच नाही. 'का-वे ३२' असे येते. याचा अर्थ वर्षाचा ३२ वा आठवडा, साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. घड्याळातही एक खड्डा आहे. 'हाल्प फीअर' ऐकून चार आणि अर्धा, म्हणजे साडेचार, असे वाटते. तो अर्थ साडेतीन आहे, चारच्या अर्ध्या वाटेवर. फ्रांकफुर्टच्या व्यापारी मेळ्यात (या शहराच्या मेळ्याला सम्राटाची सनद १२४० साली मिळाली होती) भेटीची वेळ तोंडी ठरवताना ही चूक झाली, तर ग्राहक तासभर थांबत नाही.

मालावर छापायच्या शब्दांविषयी अत्तर व भेटवस्तूंच्या व्यापाऱ्यांना दोन सूचना. डब्यावर इंग्रजीत 'गिफ्ट' छापून जर्मनीला पाठवू नये. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. आणि फवाऱ्याच्या बाटलीवर 'मिस्ट' हा शब्द नको. त्याचा जर्मन अर्थ शेणखत. गुलाबाच्या अत्तराला असे नाव लावून कोण घेईल? तसेच 'फाब्रीक' म्हणजे कापड नव्हे, कारखाना. 'शेफ' म्हणजे आचारी नव्हे, मालक किंवा साहेब. 'मुस्टर' हा शब्द आपल्या कामाचा, त्याचा अर्थ नमुना किंवा नक्षी.

संबोधनाची रीतही सांगितली पाहिजे. आपल्याकडे तू आणि आप, तसे त्यांच्याकडे 'दू' आणि 'ज़ी'. व्यवहारात अनोळखी माणसाला 'ज़ी' म्हणावे, आडनावाआधी 'हेर' किंवा 'फ्राउ' लावावे, आणि समोरचा स्वतः म्हणेपर्यंत 'दू'वर येऊ नये. उर्दू घरात वाढलेल्याला हे शिकवावे लागत नाही.

एवढे सारे वर्षभराच्या अर्धवेळ अभ्यासात येते काय? रोज अर्धा-पाऊण तास घरी बसणाऱ्याला कागद वाचण्यापुरते येते. फर्डे बोलणे येत नाही. विद्यापीठाच्या सर्टिफिकेट वर्गात ओळख करून देणे, खरेदी, वेळ, प्रवास, साधे पत्र अशी रोजची भाषा शिकवतात. वर दिलेले धंद्याचे शब्द पाठ्यपुस्तकात बहुधा सापडणार नाहीत. ते स्वतःच्या बिलांवरून वहीत उतरवावेत आणि शिक्षकांना विचारावेत. शिक्षकही अशा विद्यार्थ्याला आनंदाने मदत करतात, कारण त्यांच्यासमोर बसलेल्या बहुतेक तरुणांनी जर्मन बिल पाहिलेलेच नसते.

आता मुलांचा प्रश्न. इथे अधिक सावध राहिले पाहिजे.

जर्मनीला हाताने काम करणारी माणसे हवी आहेत, यात संशय नाही. २०२४ साली तिथल्या सरकारने भारतातील कुशल लोकांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. अशा बातम्या आल्या की गल्लोगल्ली एजंट उभे राहतात. 'तीन महिन्यांत जर्मन, सहाव्या महिन्यात नोकरी' असे फलक आपण पाहिले असतील. त्या फलकाला विचारायचा प्रश्न एकच : कोणत्या पायरीपर्यंत जर्मन?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. ए-१ ही अगदी खालची. तिच्या परीक्षेत १०० पैकी ६० गुण मिळाले की माणूस उत्तीर्ण होतो. लग्नानंतर जर्मनीत राहणाऱ्या पतीकडे जाणाऱ्या मुलीला बहुतेक प्रकरणांत हीच परीक्षा द्यावी लागते; हा नियम २००७ पासून आहे. तशी स्थळे ज्या घरांत येतात, त्यांनी लग्नाची तारीख धरताना हे वर्ष हिशेबात घ्यावे.

नोकरीसाठी मात्र ए-१ पुरत नाही. कारखान्यात शिकाऊ म्हणून दोन ते साडेतीन वर्षे राहून विद्यावेतनावर धंदा शिकण्याची जी तिथली पद्धत आहे, तिला 'आउसबिल्डुंग' म्हणतात आणि तिच्यासाठी सामान्यतः बी-१ मागतात. परिचारिकेला व्यवसायाची मान्यता मिळवायला बहुधा बी-२ लागते. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी-१ गाठायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास शिकावे लागते. अर्धवेळ वर्गाच्या हिशेबाने हे एका वर्षाचे काम नव्हे. १ जून २०२४ पासून 'शांसनकार्टे' नावाचे कार्ड सुरू झाले आहे. त्यावर नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत जाता येते आणि ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी चालते. पण सोबत निदान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, गुणांची बेरीज आणि तिथला खर्च भागेल एवढा पैसा दाखवावा लागतो. म्हणजे दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्या मुलाला वाट आहे. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षे हात काळे केलेल्या पण कागद नसलेल्या मुलाला ती नाही, मग त्याचे काम कितीही सफाईचे असो. हे कटू आहे, पण आधी कळलेले बरे.

हीच अट त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही आहे. आपल्याकडे शागिर्द, कारीगर, उस्ताद या पायऱ्या तोंडी चालत आल्या. त्यांच्याकडे 'लेअरलिंग', 'गेज़ेले', 'माइस्टर' या पायऱ्या परीक्षा आणि सनदेने बांधलेल्या आहेत. अनेक धंद्यांत माइस्टरची सनद नसेल तर स्वतःचे दुकानही काढता येत नाही. २००४ साली ५३ धंद्यांतून ही सक्ती काढली होती, २०२० मध्ये त्यांपैकी १२ धंद्यांत ती पुन्हा लावली. जिथे उस्तादाला एवढा मान आहे, तिथे कागदाला महत्त्व असणारच.

आणखी एक बाब पुष्कळांना उशिरा कळते. विद्यापीठाचे सर्टिफिकेट आणि व्हिसासाठीचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसासाठी गोएथे-इन्स्टिट्यूट, टेल्क, ओ.एस.डी. अशा मान्य संस्थांची परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठात पाया पक्का होतो आणि फीही सामान्यतः परवडणारी असते. पण वर्ष संपल्यावर ती दुसरी परीक्षा वेगळी द्यायची आहे, हे धरूनच पैसे बाजूला ठेवावेत.

चौकशी कुठे करावी? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत आहे. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिना येथील विद्यानगरीत आहे. प्रवेशासाठी साधारणपणे बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांनी निराश होऊ नये. मुंबईत काळा घोडा आणि पुण्यात बोट क्लब रस्ता येथे असलेल्या मॅक्स म्युलर भवनातून (भारतात गोएथे-इन्स्टिट्यूटला हे नाव आहे) घेतल्या जाणाऱ्या परीक्षांना शालेय शिक्षणाची अट नाही. विद्यापीठांचे प्रवेश बहुधा उन्हाळ्यात, नव्या वर्षाच्या आरंभी होतात. जाताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका न्याव्यात, आणि घरात एखादे जुने जर्मन बिल किंवा मशीनचे माहितीपुस्तक असेल तर तेही पिशवीत टाकावे.